मुलांच्या नंतर जन्मलेला बाप

इंग्लंडहून आलेले जासूद दरबारात शिरले तेव्हा ह्विट्सेर्क आणि सिगुर्ड हे दोघे भाऊ पट मांडून बसले होते. तिसरा भाऊ ब्योर्न भाल्याचा दांडा तासत होता. थोरला इवार उच्चासनावर होता. त्याच्या अंगात हाडांच्या जागी कूर्चा होती, त्यामुळे त्याला उचलून न्यावं लागे. जासुदांनी निरोप सांगितला: नॉर्थम्ब्रियाचा राजा एला याने तुमच्या वडिलांना सापांच्या खड्ड्यात टाकून मारलं. ब्योर्नने दांडा असा आवळला की लाकडावर बोटांचे ठसे उमटले, आणि मग तो दांडाच मोडला. ह्विट्सेर्कने नुकतीच मारलेली सोंगटी मुठीत इतकी दाबली की नखानखातून रक्त आलं. सिगुर्ड चाकूने नखं काढत ऐकत होता; चाकू हाडापर्यंत गेला तरी त्याला कळलं नाही. इवारने काही मोडलं नाही की कापून घेतलं नाही. तो बारीकसारीक प्रश्न विचारत राहिला, फक्त त्याचा चेहरा घटकेत लाल, घटकेत काळानिळा, घटकेत पांढराफटक पडत होता. जासूद परत गेल्यावर एलाने विचारलं, कोण कसं वागलं? सगळं ऐकून त्याने ताडलं की भीती बाळगायची ती त्या चौकशा करणाऱ्याचीच.

हा प्रसंग तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या रॅग्नर लोथब्रोकच्या सागातला. सागा म्हणजे तिकडची गद्य बखर. लिहिणाऱ्याला माणसं कळत होती, यात वाद नाही. दुःख आणि राग यांच्याबद्दल एकही विशेषण न वापरता त्याने चार भावांचे चार स्वभाव चार वस्तूंतून उभे केले. अडचण एवढीच की ज्याच्या मरणावर हे सगळं चाललं आहे, तो बाप बहुधा झालाच नव्हता. मुलगे होते. निदान त्यांच्यातले तीन-चार तरी होते, त्यांची नावं समकालीन नोंदींत आहेत. बाप मागाहून आला.

दूरचित्रवाणीवरच्या ‘व्हायकिंग्ज’ या मालिकेमुळे (२०१३ ते २०२०, सहा पर्व) रॅग्नर जगभर घरोघरी पोचला. आपल्याकडच्या कितीतरी तरुणांना तो इतिहासातल्या खऱ्या राजांपेक्षा जवळचा वाटतो. त्या मालिकेत तो ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटतो, ८४५ सालच्या पॅरिसच्या वेढ्यावर बेतलेली मोहीम चालवतो आणि ८६५च्या सुमारास सापांच्या खड्ड्यात पडतो. हिशेब केला तर मठ लुटताना पंचविशीत असलेला माणूस खड्ड्यात पडताना शंभरीला टेकलेला असायला हवा. मालिकेला याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. ती तेच करते आहे जे आठशे वर्षं सगळे करत आले: मुलांचे पराक्रम एका दोरीत ओवायचे आणि दोरीला बापाचं नाव द्यायचं.

आधी नोंदी पाहू. ८६५ साली एक मोठी फौज ईस्ट अँग्लियाच्या किनाऱ्यावर उतरली. इंग्रजांच्या वर्षावार बखरीत तिला नुसतं ‘मोठं सैन्य’ म्हटलं आहे. या फौजेने तिथे घोडे मिळवले, हिवाळा काढला आणि ८६६च्या अखेरीस यॉर्क घेतलं. २१ मार्च ८६७ रोजी यॉर्क परत घेण्यासाठी झालेल्या लढाईत एला आणि त्याचा प्रतिस्पर्धी राजा ओस्बेर्ट हे दोघेही पडले. ८६९ साली ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला आणि पुढे संत ठरला. ८७६ साली हाफदान नावाच्या नेत्याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसं नांगर धरून शेती करू लागली. ८७८ साली डेव्हनमध्ये ‘इवार आणि हाफदान यांचा भाऊ’ २३ जहाजं घेऊन आला आणि मारला गेला. बखरकाराला त्या भावाचं नाव ठाऊक नव्हतं, तरी तो कोणाचा भाऊ हे त्याने लिहिलं. कोणाचा मुलगा, हे मात्र लिहिलं नाही. बाप नामांकित असता, तर शत्रूने तरी त्याचा उल्लेख केला असता.

मग पॅरिसवाला? ८४५ साली १२० जहाजं घेऊन सीन नदीतून वर गेलेला आणि सात हजार पौंड चांदीची खंडणी घेऊन परतलेला एक सरदार होता खरा. फ्रँकिश नोंदींत त्याचं नाव रेगिनहेरी असं येतं, म्हणजे रॅग्नरच्या अगदी जवळचं. पण त्याच काळच्या नोंदी सांगतात की तो त्याच वर्षी रोगाने मेला. त्याला वीस वर्षांनी एलाने सापांत टाकायचं म्हणजे आधी थडग्यातून उठवावं लागेल.

आता बाप कसकसा आला ते बघण्यासारखं आहे. ९८५च्या सुमारास फ्लरीच्या अॅबोने संत एडमंडचं चरित्र लिहिलं. त्यात इवार आणि उब्बा आहेत, पण ते कोणाचे कोण हे नाही. १०७०च्या सुमारास नॉर्मंडीतला एक मठवासी ब्योर्नला ‘लोथब्रोक राजाचा मुलगा’ म्हणतो. पाच-एक वर्षांनी ब्रेमेनचा अॅडम इवारच्या बाबतीत तेच सांगतो. म्हणजे घटना आणि हे नाव यांच्यात दोनशे वर्षं गेली. पेशवाई बुडून आज जितका काळ लोटला, साधारण तितकाच. आणि तरीही फक्त लोथब्रोक, ‘केसाळ तुमानवाला’, हे टोपणनावच. त्याला रॅग्नर हे नाव जोडलेलं दिसतं ते आणखी पन्नासेक वर्षांनी, आइसलँडच्या अरी थोर्गिल्ससनच्या पुस्तकात. बेटावर वसाहत कधी झाली हे सांगताना अरी म्हणतो की रॅग्नर लोथब्रोकच्या मुलाने, इवारने, संत एडमंडला मारलं त्या वेळी. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी अरीने स्वतःची वंशावळ दिली आहे. तीत सिगुर्ड येतो, रॅग्नरचा मुलगा.

आपल्याकडे कुलवृत्तांत चाळलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. पहिल्या पानावर मूळ पुरुष असतो, पण पुस्तक लिहायला बसलेला माणूस शेवटच्या पानावरचा असतो. वंशवृक्षाचं चित्र खालून वर वाढतं, वंशवृक्ष मात्र शेंड्याकडून मुळाकडे लिहिला जातो. यात लबाडी असतेच असं नाही. नातवंडांना आजोबा हवा असतो, आणि आजोबा मिळाला की तो उगाच कोणीतरी असून चालत नाही.

इथपर्यंत कोणाचं फारसं दुमत नसावं. काही अभ्यासक अजूनही रॅग्नरमागे एक खरा माणूस शोधतात आणि त्यांचं सगळंच टाकाऊ नाही. रेगिनहेरीच्या आठवणीचा एखादा धागा या गोष्टीत विणला गेला असेल. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. हा बाप नेमका कशासाठी लागला? फक्त वंशावळीसाठी लागला असता, तर तो झोपेत मेला तरी चाललं असतं. त्याला मारावं लागलं. तेही इंग्लंडच्याच राजाकडून, आणि तेही अशा हालात की ऐकणाऱ्याच्या मुठी वळाव्यात.

कारण मेलेल्या बापाने एका रात्रीत मोहिमेचा हेतू बदलून टाकला. फौज आली होती चांदीसाठी आणि जमिनीसाठी. मुलूखगिरी या शब्दात जे जे येतं त्या सगळ्यासाठी. मराठी वाचकाला तो शब्द फोडून सांगायला नको. सागाने या मुलूखगिरीचं कौटुंबिक कर्तव्य केलं. लुटारूला बाप मिळाला की तो मुलगा होतो, आणि मुलाने बापाचा सूड घेतला तर त्याला नावं कोण ठेवणार? मूळ नोंदीत एला रणात पडतो. सागात तो भावांच्या हाती लागतो आणि त्याच्या पाठीवर ‘रक्तगरुड’ कोरला जातो. हा रक्तगरुडही बहुधा एका ओळीच्या चुकीच्या वाचनातून निघाला. अकराव्या शतकातल्या सिग्वाट नावाच्या दरबारी कवीने इवार आणि एलाबद्दल लिहिताना पाठ आणि गरुड यांचा उल्लेख केला होता. त्या कवितेत गरुड प्रेतांवर तुटून पडणं हा रणाचा ठरलेला संकेत. रॉबर्टा फ्रँक यांनी १९८४ साली दाखवून दिलं की पुढच्या लेखकांनी त्या संकेताचा शब्दशः अर्थ घेतला आणि बरगड्या उलगडून पंख करण्याची शिक्षा रचली. सिग्वाटच्या ओळींत बाप नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

बापाची गरज एकट्या उत्तरेकडच्यांनाच होती असंही नाही. तेराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉजर ऑफ वेंडोव्हर याने निराळीच गोष्ट दिली. त्याच्या कथेत लोथब्रोक ससाणा घेऊन लहानशा होडीतून शिकारीला निघतो, वादळात भरकटत नॉरफोकला लागतो. राजा एडमंड त्याला आदराने ठेवून घेतो. राजाचा शिकारी बेर्न मत्सराने त्याचा खून करतो. शिक्षा म्हणून त्याला त्याच होडीत, वल्हं-शिडाशिवाय, समुद्रात सोडतात. तो पोचतो थेट डेन्मार्कला आणि मुलांना सांगतो की तुमच्या बापाला एडमंडने मारलं. काय सोय आहे बघा! सागातला चाच्यांचा राजा इथे एक भला पाहुणा झाला. ज्यांनी मार खाल्ला त्यांनाही बाप हवा होता, कारण देवभीरू राजाचा एवढा निर्घृण वध काही कारणाशिवाय झाला हे पचनी पडत नाही. कारण नसलेली हिंसा सोसणं अवघड, मग ती केलेली असो की भोगलेली. दोन्हीकडच्यांनी मिळून एका माणसाचा जीव घेतला, एकाने एलाच्या हातून, दुसऱ्याने बेर्नच्या, आणि दोघांनाही समाधान मिळालं.

आता पुन्हा त्या सोंगटीकडे येऊ, कारण जमिनीने तिच्याबद्दल वेगळी साक्ष दिली आहे. हीच फौज ८७२-७३चा हिवाळा लिंकनशरमधल्या टॉर्कसी इथे ट्रेंट नदीकाठी राहिली. धातुशोधक यंत्रं घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांनी आणि मागाहून पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या शेतांतून हजारो बारीक वस्तू गोळा केल्या. त्यांत पटावरच्या शिशाच्या सोंगट्या शेकड्यांनी आहेत. म्हणजे ही माणसं खरोखर पट खेळत होती, सागाकाराचं खोटं नाही. पण त्या सोंगट्यांच्या बरोबरीने काय सापडलं? तराजूची वजनं, तीही शेकड्यांनी. तोडलेली चांदी. बगदादच्या खिलाफतीकडून व्यापारवाटांनी आलेल्या दिरहमांचे तुकडे, वजनाला बरोबर उतरावेत म्हणून छाटलेले. धातू वितळवल्याच्या, नाणी पाडून पाहिल्याच्या खुणा. छावणी कसली, बाजारपेठ होती ती. सोंगटी मुठीत दाबून रक्त काढणारा हात सागात आहे; टॉर्कसीच्या मातीत सोंगटी बाजूला ठेवून वजन उचलणारा हात आहे. मला दुसरा हात जास्त खरा वाटतो, आणि गोष्ट म्हणून पाहिला तर काही कमी रंजकही वाटत नाही.

शिवाय हा मामला एका घरचा नव्हताच. ८७१च्या नोंदीत बॅगसेग आणि हाफदान असे दोन राजे आहेत. पुढे गुथ्रम, ओस्केटेल, आन्वेंड अशी आणखी नावं येतात. ते एकमेकांचे भाऊ असल्याचं कोणी म्हटलेलं नाही. निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या टोळ्या भागीदारीत एकत्र आल्या आणि ८७४ साली वाटण्या करून पांगल्या. भागीदारी हा शब्द कोरडा आहे, त्याची गोष्ट होत नाही. चार भाऊ म्हटलं की होते. गुथ्रमच्या नशिबी सागा आली नाही, पण त्याला कागदोपत्री बाप मात्र मिळाला: ८७८ साली हरल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जिंकणारा आल्फ्रेड राजाच त्याचा धर्मपिता झाला.

आणि खरे बाप-लेकही त्या फौजेत होते. फौजेने पुढचा हिवाळा काढला त्या रेप्टनला चर्चजवळ दोन पुरुष शेजारी-शेजारी पुरलेले सापडले. थोरल्याच्या गळ्यात थोर नावाच्या देवाचा चांदीचा हातोडा होता. डोक्यावर घाव, मांडीवर खोल वार, आणि दोन मांड्यांच्या मध्ये कोणीतरी जपून ठेवलेला रानडुकराचा सुळा. डीएनए तपासणीतून ते दोघे अगदी जवळचे रक्ताचे निघाले, बहुतेक बाप आणि मुलगा. सागात रॅग्नर मरताना स्वतःला म्हाताऱ्या रानडुकराची आणि मुलांना त्याच्या पिलांची उपमा देतो, म्हणून तो सुळा पाहिल्यावर मोह होतोच. तो आवरायला हवा. हे बाप-लेक कोणाच्याच गोष्टीत नाहीत. कोणी त्यांचा सूड घेतल्याचं ऐकिवात नाही. त्यांना शेजारी पुरणाऱ्याला त्यांचं नातं ठाऊक असावं, एवढंच.

रॅग्नरचं घर म्हटलं की सगळे बाप आणि मुलगे मोजतात. सागा नीट वाचली तर घर चालतं बायकांवर. डॅनिश इतिहासकार सॅक्सोने लाडगेर्डाची गोष्ट दिली, तीच मालिकेतली लागेर्था. नवऱ्याने टाकल्यावरही ती संकटात १२० जहाजं घेऊन त्याच्या मदतीला येते. नंतर दुसऱ्या नवऱ्याला ठार करून एकटीच राज्य करते. पण सागाचा कणा आहे अस्लॉग. ती आपल्याला भेटते ती नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका झोपडीत, क्राका म्हणजे ‘कावळी’ या नावाने, शेळ्या राखताना. रॅग्नरची माणसं तिच्या घरी भाकरी भाजायला जातात आणि तिच्याकडे बघता बघता भाकऱ्या करपवून आणतात. रॅग्नर कोडं घालतो: ये, पण कपडे घातलेली नको आणि उघडीही नको, उपाशी नको आणि जेवलेलीही नको, एकटी नको आणि माणसासोबतही नको. ती येते मासेमारीचं जाळं गुंडाळून वर केस सोडून, कांद्याच्या पातीचा एक घास घेऊन, बरोबर कुत्रा घेऊन. तो कुत्रा राजाच्या हाताला चावतो, ही बारीक गोष्ट मला फार आवडते. पुढे ती सांगते, लग्नाच्या पहिल्या तीन रात्री थांब. राजा थांबत नाही, आणि म्हणून इवार बिनहाडाचा जन्मतो. इंग्लंडला जाताना ती म्हणते, या दोन अवजड व्यापारी जहाजांतून जाऊ नकोस. राजा ऐकत नाही, कारण मुलांची कीर्ती आपल्यापेक्षा वाढली याची त्याला जळजळ लागलेली असते. तिने दिलेला सदरा अंगावर असेतो साप त्याला शिवत नाहीत. सदरा उतरवल्यावरच तो मरतो.

तिचं काम याहून मोठं आहे. ही शेळ्या राखणारी मुलगी प्रत्यक्षात महानाग मारणाऱ्या सिगुर्ड आणि ब्रिनहिल्ड यांची मुलगी निघते. तिचा धाकटा मुलगा डोळ्यात सापाची आकृती घेऊन जन्मतो, तोच पुरावा. त्या मुलाच्या वंशातून नॉर्वेच्या हाराल्ड राजाची आई येते. म्हणजे नॉर्वेचं राजघराणं देवादिकांच्या काळातल्या वीरांशी जोडलं जातं ते अस्लॉगच्या पोटातून. जुन्या हस्तलिखितात रॅग्नरची सागा त्या वीरांच्या सागाला लागूनच येते, आणि दोहोंमधली शिवण हीच बाई आहे. बापामुळे मुलांना वैरी मिळाला. कूळ मिळालं ते आईमुळे. आणि एका इंग्रज मठातल्या बाराव्या शतकातल्या नोंदीत ८७८च्या लढाईत पकडलेलं कावळ्याचं निशाण कोणी विणलं म्हणे? लोथब्रोकच्या तीन मुलींनी, एका दिवसात. मुली फक्त तेवढ्याच एका ओळीत येतात आणि जातात.

ऑर्कनी बेटांवर मेसहाऊ नावाचं एक अश्मयुगीन थडगं आहे, सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचं. बाराव्या शतकाच्या मध्यावर काही नॉर्समन त्यात छत फोडून शिरले आणि वेळ काढायला दगडांवर रूण लिपीत कोरत बसले. कोणी आपलं नाव कोरलं, कोणी बायकांबद्दल काहीबाही, कोणी खजिन्याच्या वावड्या. तीसेक लेखांतल्या एकात कोणीतरी लिहिलं आहे की हा ढिगारा लोथब्रोकच्या आधीचा, आणि लोथब्रोकचे मुलगे शूर होते. तिथे ‘त्याचे मुलगे’ नाही, ‘तिचे मुलगे’ असं कोरलेलं आहे. काही अभ्यासक म्हणतात की लोथब्रोक मुळात एक बाई असावी, तिला नंतर पुरुष केलं. दुसरे म्हणतात, यात विशेष काही नाही, ‘ब्रोक’ म्हणजे तुमान हा शब्दच त्या भाषेत स्त्रीलिंगी, कोरणाऱ्याने नुसतं व्याकरण पाळलं. मराठीतली तुमानही स्त्रीलिंगीच आहे, त्यामुळे ही अडचण आपल्याला जरा लवकर कळते. मुलगे पराक्रमी होते, याबद्दल मात्र छिन्नी धरलेल्या त्या माणसाला काही शंका नव्हती.